डिकीतलं पाणी कुठून येतं?

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. देशाच्या पार दक्षिणेकडच्या चिलोए बेटावर राहते. इथे पाऊस पडला असं कोणी सांगत नाही. थांबला तर मात्र शेजारीपाजारी बाहेर येऊन एकमेकांना सांगतात.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा पत्रा आरशासारखा होता. आता चाकांवरच्या कमानी गंजल्या आहेत आणि डाव्या दाराला आतून कडीच नाही. तरी माझी मालकीण एदेलमिरा मला सोडत नाही. ती लोकर विणते. तिची घोंगडी, मोजे, टोप्या सगळं माझ्या डिकीतून दाल्काउएच्या बाजाराला जातं. तिचा नवरा रोसेंदो होड्या बांधायचा. आता गुडघे दुखतात म्हणून घरीच असतो.

एका सकाळी एदेलमिराने डिकी उघडली आणि ती तशीच उभी राहिली. तिची मुलगी यास्ना उत्तरेला, अंतोफागास्ताच्या खाणीत कामाला जाणार होती. तिच्यासाठी वर्षभर विणलेलं पांढरं घोंगडं मी पोटात सांभाळत होते. आदल्या रात्री लाल टोप्या त्याला लागूनच ठेवलेल्या. स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचून वर चढलं आणि टोप्यांचा लाल रंग पांढऱ्या लोकरीत उतरला.

"विकून टाक ही गाडी," रोसेंदो म्हणाला. "तो बटाटेवाला कोंबड्यांचं खुराडं करायला मागतोच आहे."

"अरे, रबर बदललं, मागच्या दिव्यांच्या पट्ट्या बदलल्या. तरी पाणी येतं कुठून?"

"येतं कुठूनही! तुला गाडी हवी की उत्तर?"

"आधी उत्तर," एदेलमिरा म्हणाली.

मित्रांनो, खरं सांगते, ते उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. ओल जाणवायची, पण ती कोणत्या वाटेने आली हे कधी कळलं नाही. खुराड्याची धास्ती होतीच. पण त्याहून मोठी होती उत्सुकता. आपल्याच पोटातलं कोडं कोणाला सोडवावंसं वाटणार नाही?

मला अंगणातल्या सपाट जागी उभं करून एदेलमिराने डिकीतला गालिचा काढला, कडेचे पुठ्ठे उचकटले, सगळं कोरडं पुसलं आणि सांध्यांवर पिठाची धूळ भुरभुरली. मग बॅटरी घेऊन स्वतःच आत शिरली.

"लाव झाकण. खालून वर पाणी मार, हळूहळू. आणि खबरदार, मला कोंडून माते-चहा प्यायला गेलास तर!"

"विचार चांगला आहे," रोसेंदो म्हणाला आणि त्याने झाकण लावलं.

त्याने आधी बंपरवर पाणी मारलं, मग दिव्यांवर, मग झाकणाच्या कडेवर. आतून प्रत्येक वेळी एकच आवाज यायचा, "कोरडं!" तेवढ्यात शेजारची एलियाना कुंपणाशी आली.

"काय हो रोसेंदो, डिकीतून बाई बोलतेय ती!"

"माझीच बायको आहे."

"मग ठीक. मला वाटलं दुसऱ्याची!"

आतून एदेलमिराने झाकणावर मूठ आपटली. "एलियाना, हसायचं नंतर! मला सांग, परवा बाजारात दिवसभर पाऊस होता, तेव्हा तू माझ्या डिकीत सामान ठेवलंस. भिजलं का?"

"नाही बाई. खडखडीत कोरडं."

आतून आवाज आला, "रोसेंदो, बाजारात गाडी सपाट जागेवर असते. घरी तिचं नाक चढावर असतं. मला चढावर ने!"

"तू आत असताना?"

"नाहीतर काय, पायी येऊ?"

रोसेंदोने मला अंगणाच्या चढावर नेऊन उभं केलं आणि थेट टपावर पाणी सोडलं. पाणी टपाच्या कडेच्या पन्हळीतून मागे धावलं, कोपऱ्यात तुंबलं, आणि मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं! पन्हळीच्या टोकाचा सांधा बुजवणारा जुना मसाला तडकला होता. पाणी तिथून आत शिरे, मागच्या खांबाच्या पोकळीतून उतरे आणि पार खाली खळग्यात जमे.

"सापडलं!" एदेलमिरा ओरडली. "पिठावर ओघळ आलाय, वरून!" ती बाहेर आली तेव्हा पापण्यांनासुद्धा पीठ होतं.

रोसेंदो लगेच डांबर आणायला निघाला. तिने त्याचा दंड धरला. "ओल्या गंजावर लेप लावशील? होडीला असं केलं असतंस का?"

तो थांबला. मग हसला. मला त्याच्या होड्यांच्या शेडमध्ये नेलं, शेजारी शेगडी पेटवली. त्याने जुना मसाला खरवडला, गंज घासला, पत्रा पूर्ण कोरडा होऊ दिला, अस्तराचा रंग दिला आणि मग नवा मसाला बोटाने दाबून भरला. वाळल्यावर पुन्हा चढ, पुन्हा पाणी. एदेलमिरा पुन्हा आत शिरली आणि बराच वेळ बोललीच नाही.

"काय झालं?" रोसेंदोने घाबरून विचारलं.

"काही नाही. कोरडं आहे. जरा बघत बसलेय."

घोंगड्याचा गुलाबी डाग मात्र निघाला नाही. आई नवं विणायला बसणार, तर यास्नाने ते डागाळलेलंच ओढून घेतलं. "राहू दे, आई. तिकडे वर्षानुवर्षं थेंब पडत नाही म्हणतात. इथला पाऊस एवढा तरी बरोबर असू दे."

तिला बसपर्यंत मीच सोडलं. वाटेत पाऊस कोसळत होता आणि माझ्या पोटात तिची पिशवी कोरडी होती. परतताना मागची जागा रिकामी होती. बऱ्याच वेळाने रोसेंदोने माझ्या टपाला आतून हात लावून ओल आहे का ते पाहिलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल, कुरकुरणारी, गळणारी. तिला टाकून देण्याआधी एकदा तिच्या आत शिरून बघा. पाणी साचतं एका जागी आणि शिरतं दुसरीकडूनच. आणि आम्हांला, खरंच सांगते, आपलं दुखणं दाखवता येत नाही.