कंसातलं पोर

मी कॅसेट बोलतेय. बोलणं हाच माझा धंदा, पण शब्द कायम दुसऱ्याचे. आज माझे बोलते, कारण माझ्यापायी एका बाईची झोप उडाली.

माझ्या पोटात शर्टाच्या कारखान्यात काजं-बटणं करणारी एक कामगार बोलते. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांना यंत्रं, मजुरी आणि संप एवढंच हवं होतं. तिच्या मांडीवरचं पोर मध्ये बोललं, की लेखी प्रतीत कंस पडायचा: (व्यत्यय). पुढे बरेच अभ्यासक संग्रहालयात आले. कुणी संप नेला, कुणी यंत्रं नेली. पोर कंसातच राहिलं.

ही नवी संशोधक मात्र कंसच शोधत आली. कामावर जाणाऱ्या आया मुलं कुठे ठेवत, हा तिचा विषय. तिचं स्वतःचं पिल्लू पाळणाघरात. मला ऐकता ऐकता तिथं दोनदा फोन करून झाला. एका कंसात कामगार बाई पुटपुटते, 'याला मशीनच्या पायाला बांधून ठेवते, काय करणार.' त्यावर पोर पाव चावत काहीतरी म्हणतं. ते 'सोड' म्हणतंय, अशी हिची खात्रीच झाली. मला वाटलं, माझी फीतच घासलीय.

कामगार बाईंनी संमती दिली होती ती कारखान्याच्या माहितीपुरती. हे घरातलं वापरावं की नाही? शेवटी टेपरेकॉर्डरसकट मला पिशवीत घालून ती त्यांच्या घरी गेली.

त्या आता आजी झाल्यात. 'बांधलेलं छापू नकोस गं,' त्या म्हणाल्या. 'लोक म्हणतील, कसली कैदाशीण आई.'

'नाही छापत, मावशी. मलाच ऐकवेना. किती रडवेला झालाय तो.'

'रडवेला? तो?'

त्यांनी स्वतः बटण दाबलं. मागे नेलं, पुन्हा दाबलं. हसता हसता ठसका लागला. पोराचं बोबडं आईलाच कळतं, हे आम्हा दोघींना तेव्हा उमगलं.

त्यांच्या त्या मुलालाही, आता बाप्या झालेल्या, फोनवर विचारलं. तो म्हणाला, माझी अब्रू तशीही शिल्लक नाही, छापा खुशाल. मावशींची अट एकच: 'माझं वाक्य टाकशील, तर त्याचंही टाक.'

तेव्हा मंडळी, मला पुन्हा ऐका, हव्या त्या विषयासाठी ऐका. फक्त मधेच तोडू नका. प्रतीतला तो कंस आता पुसलाय. तिथं लिहिलंय:

'आता तुझी पाळी. बस इथं, तुला बांधतो.'