पाहुण्यांची एक शंका

"पाहुणे, जरा पुढे सरका. माइक तोंडासमोर येऊ दे," उपसचिव बाई म्हणाल्या, आणि शिपाई खुर्चीत पुढे सरकला.

राजशिष्टाचार विभागात त्याला सगळे 'पाहुणे'च म्हणत. परदेशी मंत्री यायचा असला की आदल्या दिवशी सोहळ्याची तालीम व्हायची आणि मंत्र्याच्या खुर्चीत हा बसायचा. उंची बेताची, पोट बेताचं, चेहरा कुणाचाही असू शकेल असा. त्याच्यावरून दिवे लावत, माइक वरखाली करत, गालिचा कुठे दुमडतो ते बघत. इतक्या वर्षांत त्याने इतक्या देशांच्या वतीने मान डोलावली होती की एखाद्या राजदूताला हेवा वाटावा. फरक एवढाच, की तालीम संपली की कपबश्या गोळा करायलाही तोच उठायचा.

घरी गेल्यावर बायको विचारायची, "काय म्हणतोय परदेश?" तो म्हणायचा, "समाधानी आहे." घरातला हा ठरलेला विनोद. हल्ली मात्र तो कुणी करत नसे.

मुलीमुळे. निर्यात वसाहतीत परदेशी मालकाचा कपड्यांचा कारखाना होता. तिथे ती शिलाई मशीनवर होती. बायकांच्या संडासाला कुलूप असे आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मागायला गेलं की चारचौघांत उलटतपासणी: आत्ताच कशी लागली, मघाशी काय झालं होतं. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नसत. मुलीच्या मूत्रपिंडाला संसर्ग झाला, तापाने फणफणून ती इस्पितळात पडली. बरी झाल्यावर बाकीच्या बायकांना घेऊन तिने फाटकात बसकण मारली. कुलूप तसंच राहिलं, हिला तेवढं काढून टाकलं. कामगार न्यायालयात तिचा दावा चालू होता. भरपाई नको, माझं मशीन परत द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

आजची तालीम त्या कारखान्याच्या मालकाच्याच देशातल्या मंत्र्यासाठी होती. आपल्याकडे गुंतवणुकीला वातावरण बरं नाही, अशी तिकडची कुरकुर होती. ती मिटावी म्हणून आपले राजदूत वर्षभर तिकडचे उंबरे झिजवत होते. हे वातावरण म्हणजे नेमकं काय, ते शिपायाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. आपल्या मंत्र्यांच्या भाषणाला किती वेळ लागतो ते बघायला बाई ते मोठ्याने वाचत होत्या. वीज आली, बंदर आलं, करसवलत आली. मग त्याच सुरात आलं, की निर्यात वसाहतीतल्या कामगारांचे सगळे दावे आता निकाली समजले जातील आणि यापुढे तिथे कामगार न्यायालयाचा अधिकार चालणार नाही.

शिपायाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पान उलटलं. तशा त्या वाईट नव्हत्या. मुलगी आजारी होती तेव्हा त्याची रजा त्यांनीच मंजूर केली, वर फळं पाठवली. दाव्याचंही त्यांच्या कानावर होतं. पण फळं पाठवली त्या दिवशी त्यांच्या लेखी ते खातं बंद झालं होतं.

"आता तुम्ही," बाई म्हणाल्या. "आवाज बघायचाय. म्हणा, आमच्या सर्व शंकांचं निरसन झालं आहे."

शिपायासमोर झाकण घातलेला पाण्याचा पेला होता. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "आमची एक शंका आहे."

हॉलभर आवाज घुमला. माइकवाला हसला. मागे उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, "पाहुणे आज भाव खातायत." बाईसुद्धा हसल्या. "विचारा पाहुणे, पण लवकर."

"हे पाणी प्यावं की नाही? मागाहून जायची वेळ आली तर किल्ली कुणाकडे आहे?"

ड्रायव्हर अजून हसत होता. बाईंचं हसू गेलं.

"वाक्य म्हणा."

"माझ्या पोरीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, बाई. तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता वाचता वाचता तुम्ही ती गिळलीत."

"ही जागा आहे का बोलायची? केबिनमध्ये या माझ्या."

"केबिनमध्ये मी उभा असतो," शिपाई म्हणाला. "इथं बसलोय तोवर ऐका."

आवाज चढवायची त्याला सवय नव्हती आणि माइक असल्यामुळे गरजही नव्हती. त्याने कारखान्याचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. शुद्धीवर आल्यावर पोरीने आईला पहिलं काय विचारलं, तर इथे संडासला जायला कुणाची परवानगी काढावी लागते, तेही सांगितलं. मग दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाला, "निरसन झालेलं नाही. तसं लिहून घ्या."

कुणी लिहून घेतलं नाही. बाईंनी खूण केली, माइक बंद झाला. शिपाई उठला, खुर्ची नीट आत सारली आणि बाजूला झाला. ड्रायव्हरला बसवण्यात आलं. त्याने ते वाक्य पहिल्या दमात म्हटलं. भाषणातला एक शब्द हलला नाही. हलला तो शिपाई. संध्याकाळीच त्याची बदली मागच्या फाटकावर झाली.

दुसऱ्या दिवशी रात्री घरी टीव्हीवर सोहळा लागला. ड्रायव्हर ताडमाड होता आणि खरा पाहुणा ठेंगणा; बिचारा माइककडे मान वर करून बोलत होता. त्याच्या सर्व शंकांचं निरसन झालं होतं. टाळ्या झाल्या. तो निवांतपणे पाणी प्यायला.

"एवढं बोलून काय पदरात पडलं?" बायको चिडून म्हणाली. "तिची तारीखही गेली आणि तुम्ही बसा आता उन्हात."



मुलीने टीव्ही बंद केला. "बाबा, ऐकलं तरी का त्यांनी?"

"ऐकलं. माइक चालू होता."

ती येऊन खाली बसली. तिच्यासमोर पाण्याचा पेला होता. डॉक्टरांनी बजावूनही ती घरातसुद्धा दोन घोट घेऊन पेला खाली ठेवायची. अंगवळणीच पडलं होतं तिच्या. आज तिने तो उचलला आणि तळ दिसेपर्यंत तोंडापासून काढला नाही. पुन्हा भरून घेतला, तोही संपवला.

थोड्या वेळाने ती कुणाला काही न सांगता उठून मागे गेली. संडासाचं दार लोटल्याचा आवाज आला आणि मग, सावकाश, आतून कडी लावल्याचा.