आठ मैलांचं अंतर

मी रहाटणीच्या शाळेत ग्रंथपाल होतो. विमानांतलं मला फारसं कळत नाही. लिहितोय ते माझ्या मुलीकडून, अनुयाकडून, ऐकलेलं. चुकत असेन तर दोष माझा.

अनुया विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर आहे. येणारी विमानं आधी रडारच्या खोलीतले कंट्रोलर ओळीत लावतात, मग टॉवरच्या हवाली करतात. दोघांमध्ये फक्त फोनची लाइन.

मंगळवारी धावपट्टीवर मेलेली घार दिसली. ती उचलायला जीप पाठवायची म्हणून अनुयाने रडारवरच्या सुरेंद्रसरांकडे दोन विमानांत आठ मैलांचं अंतर मागितलं. सर म्हणाले, "देतो." किती, ते बोलले नाहीत. आकडा समोरच्याकडून म्हणवून घ्यायचा, हा नियम. पण तिला काम शिकवलं त्यांनीच. त्यांना पुन्हा विचारायचा तिला संकोच वाटला. सरांनी दिले तिच्या अंदाजाने पाच. जीप धावपट्टीवरून बाहेर पडली तेव्हा विमान जेमतेम मैलभरावर होतं. वैमानिकाला उतरायची परवानगी जरा उशिरा मिळाली, एवढंच. बाकी कुणाला काही कळलं नाही.

गुरुवारी दुपारी सर घरी आले. अनुया लॅपटॉपवर मंगळवारच्या प्रकाराचा अहवाल लिहीत होती.

"लक्ष्मणराव, तुम्ही तरी सांगा हिला. काय झालंय एवढं? माझे रिटायरमेंटला दोन महिने राहिलेत हो."

"सर, आधी चहा घ्या," अनुया म्हणाली.

"चहा पाजून फाशी देतेस होय?" सर हसले, पण ते हसू टिकलं नाही.

मला दोघांकडेही बघवेना. बराच विचार करून मी म्हणालो, "तुझीच चूक लिही ना. सरांचं नाव कशाला?"

"बाबा, मी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही. अर्धंच लिहिलं तर उद्या आणखी कुणी असंच गप्प बसेल. तेव्हा जीप धावपट्टीवरून वेळेत निघाली नाही तर?"

सर उसळले. "आकडा म्हणवून घे, हे किती वेळा ओरडून शिकवलं तुला!"

"शिकवलंत. पण तुमच्यावर कशी ओरडणार होते मी?"

 सरांनी चष्मा लावला, लॅपटॉप स्वतःकडे वळवून अहवाल वाचला.

"पाच नव्हते," ते म्हणाले. "साडेचार होते. साडेचार लिही."

तिने आकडा बदलला आणि अहवाल पाठवला. मी सरांना लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं. सुचेपर्यंत दार बंद झालं.

चौकशी होईपर्यंत दोघांनाही कामावरून बाजूला केलं. अनुया तीन आठवड्यांनी टॉवरमध्ये परतली. सरांचा निकाल येईपर्यंत त्यांची नोकरीच संपली. माझं ऐकलं असतं तर ते आपल्या खुर्चीतून निवृत्त झाले असते, असं अजून मनात येतं. अनुयाला तसं म्हणायचा धीर मात्र होत नाही.