गाळलेलं पाणी

संतपूरपासून कोसभरावरच्या त्या गावात कुणी फार तोलूनमापून बोलायला लागलं की बाकीचे हसायचे, "काय रं, भागम्मागत गाळून बोलायलास?" आता बोलणं गाळतं का कुणी? पण भागम्मा पाणी गाळायची, आणि तिच्या गाळण्याचा एवढा बोलबाला होता की गावानं त्याची म्हणच करून टाकली होती.

भागम्मा म्हणजे अमृतप्पाची आई. काळीभोर जमीन, दारात चार बैल, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. नवरा गेल्यापासून घराचा कारभार तिच्याच हाती. दिवस उगवायच्या आत ती गावच्या बारवेच्या पायऱ्या उतरायची, लुगड्यासकट पाण्यात बुडी मारायची आणि ओलेत्यानंच घागर भरून निथळत घरी यायची. वाटेत कुणाचा धक्का लागला की घागर ओतून परत बारवेत. ह्या सोवळ्याला तिकडं मडी म्हणतात. घरी आली की पांढरंशुभ्र फडकं दोन घड्या घालून हंड्याच्या तोंडावर बांधायची आणि बारीक धारेनं पाणी गाळायची. लिंगपूजेला तेच, स्वयंपाकाला तेच, प्यायला तेच. न गाळलेला थेंब गळ्याखाली उतरवायचा नाही, हे शील सासूनं तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घालून दिलं होतं. तीस वर्षं तिनं ते पाळलं. आणि पाळलं ते पाळलं, वर सगळ्या गावाला ऐकवलं.

शेतात राबणाऱ्यांच्या घागरी मात्र बारवेतून भरल्या की तशाच रानात जायच्या. "रानातल्या लोकाला कसलं आलंय गाळलेलं पाणी?" असं ती म्हणायची, आणि त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनातसुद्धा यायचं नाही.

पण शील मोडलं. कुणी बघितलं नाही, तरी मोडलं. मादन हिप्परग्याला तिच्या भाचीचं लग्न होतं. भर चैत्रातली बैलगाडीची लांबची वाट. सोबत घेतलेली गाळलेल्या पाण्याची घागर तिसऱ्या दिवशी गाडीच्या हिसक्यानं फुटली. दुपारपर्यंत तिनं दम काढला. जीभ टाळूला चिकटली तेव्हा मात्र ती वाटेवरच्या एका विहिरीत उतरली आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्याली. गाडीवान बाभळीखाली घोरत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, लिंगाला हात लावून माफी मागितली, आणि तिला वाटलं, संपला विषय.

विषय कुठला संपतोय! वर्ष उलटलं. पहिलं इलेक्शन झालं तो उन्हाळा. वैशाखात तिच्या उजव्या घोट्याच्या वर एक फोड आला. आग अशी की कुणी पायाला निखारा बांधलाय. चार दिवसांनी फोड फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं एक टोक बाहेर आलं. नारू!

त्या मुलखाला नारू काही नवा नव्हता. पण गावात एक समजूत होती, नारू निघाला म्हणजे बाटलं पाणी पोटात गेलं. तीस वर्षं शिलाचा डंका पिटलेल्या बाईच्या पायात नारू? लोक काय म्हणतील? भागम्मानं मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. लुगडं टाचेपर्यंत ओढून घेतलं आणि वच्छलाबाईला गोठ्यात बोलावलं.

वच्छला ही त्यांच्या सालगड्याची, ग्यानबाची बायको. हाताची मोठी गुणी बाई. गोठ्याचं दार लावून ती रोज तो किडा काडीला गुंडाळायची, एका दिवसाला बोटभर, वर तसूभर नाही. घाईनं ओढला आणि आत तुटला तर पाय जातो, हे तिला आईनं शिकवलं होतं. मग वरून लिंबाचा पाला बांधायची.

"वच्छे, कुणाला बोललीस तर बघ."

"खंडोबाची आण, आक्का. ह्या तोंडातनं जाणार न्हाई."

चौथ्या दिवशी वच्छला काडी फिरवता फिरवता म्हणाली, "आक्का, महिनाभर बारवंत नका उतरू. पाय असा उघडा, पायऱ्या शेवाळलेल्या. म्या आणून देते की पाणी. डोकीवरनं न्हाऊन आणते."

"तुज्या हातचं पाणी, आन् लिंगाला?" भागम्मा कडाडली. "लई शहाणी हायस. मडी काय बाजारात मिळती व्हय?"

वच्छलेनं काडीला शेवटचा वेढा दिला आणि ती उठली.

भागम्मा रोज बारवेत उतरत राहिली. आणि खरं सांगायचं तर त्यात मडी अर्धीच होती. त्या गार पाण्यात पाय बुडवला की आग अशी निवायची की बस्स! घागर भरून झाली तरी ती खालच्या पायरीवर बसून राहायची, पाय पाण्यात सोडून, डोळे मिटून, शिवाचं नाव घेत. वैशाखात बारवेत पाणी ते केवढं? तळाला गेलेलं. आणि त्यातच अख्खं गाव घागरी बुडवणारं.

तिसऱ्या आठवड्यात नारू सगळा निघाला. वच्छला ती काडी पदराआड लपवून घरी घेऊन गेली आणि चुलीत घातली. भागम्माचा पाय बरा झाला, घोट्यावर चिंचोक्याएवढा व्रण तेवढा राहिला.

पुढच्या वर्षी मृग तोंडावर आला आणि गाव बसलं. बसलं म्हणजे अक्षरशः बसलं. सत्तावीस माणसांना एकदम नारू. कुणाच्या पोटरीत, कुणाच्या टाचेत, एकाच्या तर हाताला. तिफण धरायला माणूस मिळेना. ग्यानबाला दोन निघाले, तो खाटेवरून उठेना. वच्छलेला एकच, पण गुडघ्याच्या खाली. स्वतःचा नारू स्वतःच काडीला गुंडाळत होती बिचारी. पण पेरणी काय कुणासाठी थांबते? ग्यानबाच्या जागी तीच तिफणीमागं चालली. ढेकळात पाय मुरगळला, काडी कशात तरी अडकली आणि किडा आत तुटला. बारा दिवस ती तापानं फणफणली, गुडघा भोपळ्याएवढा झाला. वाचली, पण पाय वाकडा झाला तो झालाच. आणि रान कुणाचं पेरत होती? भागम्माचंच.

भागम्माच्या घरात मात्र एकालाही नारू नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, नातवंडांना नाही. बायका येऊन तिच्या पाया पडायच्या. "मडीचं फळ हाय, अम्मा." ती मान डोलवायची. तिलाही ते खरंच वाटत होतं.

अशात सायकलवरून एक हेल्थ इन्स्पेक्टर आला. गुरुशांतप्पा त्याचं नाव. पिशवीत काचेचा पेला आणि एक भिंग. पोरांनी तासाभरात त्याचं नाव नारूसाहेब ठेवलं. त्यानं चावडीपुढं लिंबाखाली गाव गोळा केलं. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना खाटेसकट आणलं, त्यात वच्छलाही होती. बारवेचं पाणी पेल्यात घेऊन त्यानं उन्हात धरलं.

"देखो, हे पिसवंगत उड्या मारायलेत, दिसले? नारूचा पाय पाण्यात पडला की नारू हजारानं पिल्लं सोडतो. ती पिल्लं हे पिसू खातेत. पिसवासकट पाणी तुमी पिताव. आन् बरोबर सालभरानं नारू भाईर येतो. ह्या साली निघाला तो मागल्या सालच्या पाण्याचा."

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या भागम्मानं मनातल्या मनात महिने मोजले. वैशाख ते वैशाख. मग त्याच्या मागचा चैत्र, ती वाटेवरची विहीर, ती ओंजळ. ती लिंबाच्या बुंध्याला टेकली.

"ह्याला दवा न्हाई," गुरुशांतप्पा सांगतच होता. "पाय उघडा असंल तर पाण्यात उतरायचं न्हाई, आन् दोन पदरी फडक्यानं गाळल्याबिगर पाणी प्यायचं न्हाई. झालं! ह्या अम्माच्या घरात कामून नारू न्हाई? मडीमुळं न्हाई. फडक्यामुळं!"

लोक कुजबुजले. गावचा कर्ता माणूस हावगेप्पा पुढं आला. "मग करावं काय मनता साहेब?"

"बारवंच्या पायऱ्या भिंत घालून बंद करा. वरनं रहाट बसवा. कुणी पाण्यात उतरायचंच न्हाई."

"आन् मडीचं पाणी कसं आणायचं? वरनं दोरीनं वडून मडी व्हती का?" हावगेप्पा हसला. सगळे हसले. "ही पिसवाची गोष्ट काय आमाला पटत न्हाई, साहेब."

गुरुशांतप्पानं घाम पुसला. "मागल्या उन्हाळ्यात कुणाचा तरी नारू ह्या पाण्यात उतरलाय. कोन ते सांगा. दंड न्हाई, सजा न्हाई. एका माणसानं खरं सांगितलं तर सगळ्या गावाला पटंल."

"अम्मा, पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?" हावगेप्पा भागम्माकडं वळला. "तुमीच बोला."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. आता बोलावं, असं तिच्या ओठांवर आलं. शपथ घेऊन सांगायचं तर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, 'माझा पाय होता.' तीन शब्द! उभ्या जन्मात ती जिथं तिथं बोलली, कुणाला सोडलं नाही, आणि तेव्हा तिची जीभ टाळूला चिकटली, त्या वाटेवरच्या दुपारी चिकटली होती तशी.

तेवढ्यात मागून अक्कम्मा नावाची एक बाई ओरडली, "म्या सांगते! वच्छलीच्या चुलीपुढं मागल्या वैशाखात नारूची काडी बघितली म्या. ह्या डोळ्यानं बघितली. इस्तू मागायला गेल्ते."

गर्दी एकदम खाटेकडं फिरली. वच्छला हातावर भार देऊन उठून बसली. तिनं कुणाकडं बघितलं नाही, फक्त भागम्माकडं बघितलं. भागम्मानं खाली बघितलं आणि डाव्या पायानं उजव्या घोट्यावरचं लुगडं नीट केलं.

वच्छलेनं बराच वेळ वाट बघितली. मग ती म्हणाली, "व्हय. माझाच व्हता."

दंड नाही म्हणाला होता ना साहेब? तो सायकलवर बसून गेला, आणि गावानं दंड केला. ग्यानबाच्या घरच्यांनी बारवेवर पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. गुन्हेगार सापडल्यावर पायऱ्या बंद कशाला करायच्या? त्या तशाच राहिल्या. आणि वच्छला वाकडा पाय ओढत अर्ध्या कोसावरच्या ओढ्यात झिरा उकरून पाणी आणायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून भागम्मा बारवेत उतरली नाही. गुडघे दुखतात, म्हणाली. रानात जाणाऱ्या घागरीसुद्धा ती स्वतः गाळून द्यायला लागली, आणि गडीमाणसं म्हणायची, अम्माचं काळीज केवढं मोठं! ते शब्द तिला चाबकासारखे लागायचे. पुढच्या उन्हाळ्यात गावात आणखी एकोणीस जणांना नारू निघाला. एका तोंडानं तीन शब्द बोलले असते तर कदाचित एकालाही निघाला नसता, हे त्या गावात एकटीलाच ठाऊक होतं. नाही, दोघींना.

शेवटी श्रावणातल्या एका सोमवारी, चांगलं उजाडल्यावर, भागम्मानं गाळलेल्या पाण्याची घागर डोक्यावर घेतली आणि भर गल्लीतून ग्यानबाच्या दारात गेली. उभ्या आयुष्यात ती त्या दारात गेली नव्हती. वच्छला उंबऱ्याशी वाकडा पाय पसरून तूर निवडत बसली होती.

"आक्का? तुमी कामून आलाव? निरोप धाडायचा."

"पाणी आणलंय तुला." भागम्मानं घागर उतरवली. ती धापा टाकत होती. "वच्छे, त्या दिवशी चावडीपुढं म्या..."

"मला कामून सांगायलाव?" वच्छला सुपातली तूर हलवत म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला ठावंच हाय की. ज्याला ठाव न्हाई त्याला सांगा."

त्या दारातून चावडी दिसायची. पन्नास पावलं असेल. हावगेप्पा आणि चारपाच जण तिथं पान खात बसले होते. भागम्मा तिकडं बघत उभी राहिली. वच्छलाही तिच्याकडं बघत राहिली, तशीच वाट बघत, चावडीपुढं बघितली होती तशी.

मग वच्छला भिंतीला धरून उठली. खुंटीवरचं फडकं काढलं, दोन घड्या घातल्या, आपल्या मडक्याच्या तोंडावर ताणून बांधलं, आणि भागम्माच्या घागरीतलं पाणी त्यावर बारीक धारेनं ओतायला लागली.

"आगं, गाळलेलंच हाय ते."

"असंल की, आक्का. पर सायबानं सांगितलंय, कुणाच्याबी हातचं असू द्या, गाळूनच प्यायचं."

घागर रिकामी झाली. वच्छलेनं ती पदरानं पुसून परत दिली. भागम्मा निघाली. परतीची वाट चावडीवरूनच होती. तिला येताना बघून हावगेप्पा हात जोडून उभा राहिला, बाकीचेही उठले.

"शरणु, अम्मा."

तिची पावलं थांबली. सगळे ती काय म्हणते म्हणून बघत होते.

"शरणु," भागम्मा म्हणाली, आणि रिकामी घागर काखेत धरून घरी गेली.