आजाराच्या रकान्यातला शब्द

"तिला फिट येते ना, म्हणून बसवलंय," खेळाच्या बाई शिट्टी पुसत म्हणाल्या.

शाळेच्या शर्यती बघायला आलेली आई बघतच राहिली. मैदानाच्या कडेला सगळ्यांची दप्तरं राखत तिची लेक बसली होती. घरात जेवायलाही एका जागी टिकत नाही म्हणून जिला सगळे भिंगरी म्हणत, ती.

"कुणाला फिट येते?"

"अहो, रजिस्टरमध्येच आहे. वर्षभर जपतोय आम्ही तिला."

वर्षभर! म्हणजे 'बाई मला खेळायला घेत नाहीत' हे रडगाणं खरं होतं तर. पोर तापातून उठलीय, बाई काळजी घेत असतील, असं म्हणून आईनंच तिला गप्प केलं होतं.

ती तरातरा ऑफिसात गेली. कारकुनानं रजिस्टर उघडलं. आजाराच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'फिट'. शेजारी टाचलेली चिठ्ठी टायफॉइडनंतर तिनंच आणून दिलेली. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्यांची पळापळ. त्यात वाचता येण्याजोगा हा एकच शब्द.

"डॉक्टरांनीच लिहिलंय की!"

"दादा, निम्म्या शाळेच्या अंगावर माझे टाके आहेत. गणवेश काखेत काचत नाही, खांद्यावरून ओघळत नाही, त्याला आम्ही शिवणारे फिट म्हणतो. डॉक्टरांचं फिट तसलंच. पोर ठणठणीत आहे, शाळेत घ्या, एवढंच लिहिलंय."

कारकुनानं कान खाजवला. "म्हणजे 'फिट आहे'? आम्ही आपलं 'येते' धरलं."

"धरलंत! आणि पोर बसली दप्तरं राखत!"

आवाज ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या. "सोमवारी नवीन चिठ्ठी आणा, लगेच दुरुस्त करू. आज मात्र राहू दे. पडली-बिडली तर?"

आईनं दारातून मैदानाकडे पाहिलं. एरवी पोर शिंकली तरी कपाळ चाचपणारी ती.

"पडली तर उचलेन. आणि बाई, खरंच फिट येत असती ना, तरी मी हेच म्हटलं असतं. शेजारी कुणी उभं राहा, पण तिला बसवून ठेवू नका."

बाहेर शर्यतीचा पुकारा झाला. आईनं मैदानावर येऊन लेकीला दंडाला धरून उठवलं, चुन्याच्या रेघेवर उभं केलं आणि स्वतःच्या चपला काढल्या.

"वाजवा शिट्टी. मी शेजारून पळते."

लेक सहा जणींत पाचवी आली. वर्षभरात पळायची सवय मोडलेली. आई तर अर्ध्यातच कुशीला हात लावून थांबली होती. लेक मागे फिरून धावत तिच्याकडे आली.

"आई, अजून पळू?"

धापेमुळे आईला बोलता येईना. लेकीनंही उत्तराची वाट पाहिली नाही. पुढची शर्यत मोठ्या मुलींची होती; ती जाऊन त्यांच्या रांगेत उभी राहिली. खेळाच्या बाईंनी एकदा आईकडे पाहिलं आणि शिट्टी ओठांना लावली.