वेखंडाचे सात वेढे

मी वेखंडाचा एक तुकडा. अर्ध्या वितीएवढा उरलोय. एके काळी चांगला वीतभर होतो. माझा वास अजून उग्र आहे, पण त्यावरून मला ओळखणारी माणसं कमी झाली आहेत. म्हणून माझी ओळख मीच करून देतो.

पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठच्या एका गावात, विहिरीच्या पाटाकडेला माझा जन्म झाला. आम्हाला चिखल मानवतो. वर तलवारीसारखी हिरवी पानं असतात आणि खाली मातीत आडवं पसरलेलं गाठाळ मूळ. गुण सगळा त्या मुळात. साळूबाईने मला खणून काढलं, बारीक मुळ्या छाटल्या, सावलीत वाळवलं आणि तिच्या गुटीच्या पिशवीत ठेवलं. तिथे हिरडा, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड असे सोबती आधीच होते.

साळूबाई गावातल्या बाळांना गुटी द्यायची. कुणाचं पोट फुगलं, कुणाला मुरडा आला, की आया लेकरं घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या. सर्दीने चोंदलेल्या बाळाच्या टाळूवर ती माझी पूड चोळायची. पोटासाठी मात्र सहाणेवर दूध शिंपडून आम्हाला उगाळायची. तिचं मोजमाप म्हणजे वेढे. हिरड्याचे दहा, जायफळाचा एक, माझे सात.

"वेखंडाला मोजूनच हात लावावा," ती म्हणायची. "जास्ती झालं तर आतडी पिळून काढतंय ते."

ती सहाण तिच्या सासूच्याही सासूची होती. झिजून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. तिच्यावर सात वेढे फिरलो तरी मला फारसं कळायचंही नाही.

मग धरण झालं आणि पाणी गावात शिरणार म्हणून माणसं निघाली. सामान ट्रकवर चढवताना सहाण निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले. साळूबाईचा मुलगा सांडू औरंगाबादेत कामाला लागला होता. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्याने एक खोली घेतली. गावात साळूबाईला सगळे गुटीवाली आजी म्हणत. इथे ती नुसती सांडूची आई झाली. दिवसभर दारात बसायची. कुणी काही विचारायचं नाही.

शेजारी नजमा राहायची. तिचा नवरा फारूख टांगा हाकायचा. लग्नानंतर सहा वर्षांनी त्यांना मुलगा झाला होता, जहांगीर. तो तीन महिन्यांचा असताना एका सकाळी नजमा त्याला घेऊन धावत आली.

"आजी, सुबह से रोरा. दूध बी नै पीरा. पेट तो देखो!"

साळूबाईने पोटावर टिचकी मारली. "लेकरू हाय का नगारा, गं? आण इकडं. आत्ता उतरवते."

किती दिवसांनी तिच्या आवाजात जोर आला होता! तिने पिशवी सोडली. सांडूने त्याच आठवड्यात पाथरवटाकडून नवी सहाण आणली होती. तिच्यावर टाकीचे खरखरीत घाव तसेच होते. साळूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला ते दिसले नाहीत.

पहिल्याच वेढ्याला माझी साल निघाली. दुसऱ्याला आतला गाभा. मला ओरडावंसं वाटलं, पण मुळाला तोंड नसतं. ती मोजत होती, "एक, दोन, तीन..." बरोबर सात. दूध नेहमीपेक्षा दाट झालं. "हात अजून चालतोय म्हणायचा," ती हसून म्हणाली.

थोड्या वेळाने जहांगीर ओकला. "पडू दे, पोटातली घाण निघाली," साळूबाई म्हणाली. मग तो गप झाला. दोघींना वाटलं, निवला. दुपारी तो पुन्हा ओकला. "वात अजून धरून बसलाय," असं म्हणून तिने मला परत सहाणेवर घेतलं. पुन्हा सात वेढे.

फारूख घरी आला तेव्हा बाळाचे डोळे खोल गेले होते. त्याने टांगा तसाच दवाखान्याकडे वळवला. साळूबाईने मला पदराच्या गाठीत बांधलं आणि तीही चढली.

"एवढ्याशा बाळाला वेखंड?" गुटीचं ऐकून डॉक्टरबाईंनी विचारलं. "किती दिलंत?"

"सातच वेढे, बाई. हमेशासारखे. दोनदा."

दाखवण्यासाठी तिने गाठ सोडली. मी हातात आलो आणि ती थबकली. सकाळी वीतभर असलेला मी निम्मा झालो होतो. तिने माझ्या खरखरीत टोकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"सहाण नवी हाय," ती एवढंच म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टरांनी खूप खटपट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी जहांगीर गेला.

नजमाच्या घरी बायका जमल्या होत्या. अल्लाची मर्जी, असं सगळ्या म्हणत होत्या. साळूबाई तेवढ्यावर गप्प बसू शकली असती. कुणी तिला दोष देत नव्हतं. पण ती नजमापुढे जाऊन बसली.

"मर्जी नाय, पोरी. माझ्या हातानं झालं. दगड नवा व्हता, मला उमगलं नाय."

नजमाने मान वर केली.

"सातच मोजले ना, आजी?"

"व्हय."

"मैं बी गिनी थी," नजमा म्हणाली. "आपके साथ साथ."



त्या दिवसापासून साळूबाईने मला उगाळलं नाही. सुनेने मला ज्वारीच्या कोठीत टाकलंय. माझ्या वासाने धान्याला सोंडे लागत नाहीत, तेवढाच माझा उपयोग. परवा गल्लीतली दगडाबाई रडणारी नात घेऊन आली होती. साळूबाई म्हणाली, "मला गुटी येत नाय." दगडाबाई गेली. त्या पोरीचं रडणं मला कोठीत बराच वेळ ऐकू येत होतं.

मी विष नाही. कितीतरी पोटं मी शांत केली आहेत. पण मी किती उतरतो हे मला ठरवता येत नाही, ते दगड ठरवतो. बायांनो, तान्ह्या लेकराला मला देण्याआधी डॉक्टरला विचारा. आणि रडणारं लेकरू एकदम गप झालं, तर निवलं म्हणू नका. आधी त्याचे डोळे बघा.