रत्नाची तहान

"गुर्जी, आता मला पळताना तहानच लागत न्हाई," असे रत्नाने मला सांगितले, तेव्हा मला आनंद झाला. हे मी प्रथम लिहून ठेवतो, कारण पुढचे सारे त्या आनंदाच्या पोटी आले.

घोडेगावच्या शाळेत मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले. रत्ना माझ्या अखेरच्या वर्गातली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याकाठच्या एका वाडीत तिचे घर होते. वडील लहानपणीच गेलेले. आई सखूबाई भात-नाचणी करी आणि मामा भिका धरणात जाळे टाकी. एस.टी. कधी येई, कधी येत नसे. आली नाही की रत्ना दप्तर पाठीला आवळून दहा-बारा किलोमीटर पळत शाळा गाठी आणि पहिल्याच तासाला, श्वास जरासुद्धा न चढता, 'नदी' शब्द चालवून दाखवी. नदी, नद्यौ, नद्यः. तिचे उच्चार धुतल्या तांदळासारखे स्वच्छ होते.

मी सेवानिवृत्त झालो आणि १९९७ च्या श्रावणात ती माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

"पोलीस भरतीत खेळाडूंना घेत्यात, गुर्जी. बेचाळीस किलोमीटरची शर्यत मारायची हाय मला. तुमी शिकवा."

"अगं, मला धावण्यातले काय कळते?"

"पाय माझं हायेत," ती म्हणाली. "मन तुमी शिकवा."

कोणत्याही शिक्षकाला यापेक्षा मोठा मान मिळत नाही. मी होकार दिला.

मी तिला जे शिकवले ते माझ्यापाशी होते तेवढेच. पहाटे स्नान, अर्धी घटिका स्थिर बैठक, श्वासाचे निरीक्षण. मग धावणे. धावताना मन भरकटू नये म्हणून मी तिला 'नदी' शब्दाची चोवीस रूपे दिली. प्रत्येक रूपाला दोन पावले. अशा वीस फेऱ्या झाल्या की साधारण एक किलोमीटर. हाका ऐकायच्या नाहीत, बाजूला पाहायचे नाही, इंद्रियांना आत ओढून घ्यायचे, कासव पाय आत घेते तसे. डिंभ्यापासून कालव्याच्या भरावावरून ती निघे, घोडेगाव मागे टाकून मंचर रस्त्यावरच्या पुलापाशी पोचे, पुलाखालून वळसा घेई आणि त्याच भरावावरून घरी परते. चाळीस किलोमीटरचा फेरा होता. मी घोडेगावाजवळच्या पाणीवाटपाच्या कट्ट्यावर घड्याळ घेऊन बसे.

"गुर्जी, पोरगी पळती अन् तुमी बसून दमता," भिका मला चिडवी. आठवड्यातून एकदा तो मासळी विकायला त्या वाटेने जाई.

"मनाने धावतो आहे मी, भिकाभाऊ."

"मग मनाला तरी चपला घाला. काटं लई हायेत."

पहिल्या वर्षात तिचा वेळ पाऊण तासाने घटला. मला आश्चर्य वाटले नाही. एकाग्रतेने काय घडते याचे पाठ मी जन्मभर दिले होते; ते डोळ्यांसमोर धावताना प्रथमच पाहत होतो.

मग मी तहानेकडे वळलो. पळताना पाणी प्यायले की पोट जड होते, हे त्या काळी तालमीतले वस्तादही सांगत. पण माझे कारण निराळे होते. मी स्वतः निर्जला एकादशी चाळीस वर्षे पाळली होती. तहान ही मनाची सवय आहे आणि मन जिंकले की ती मावळते, असा माझा अनुभव होता. तो अनुभव मी ओसरीवर, सावलीत, पोथी मांडीवर घेऊन मिळवला आहे, हे मला सुचले नाही.

आधी दहा किलोमीटर कोरडे, मग वीस, मग पूर्ण फेरा. डाव्या हाताला कालवा भरून वाहत असे आणि ती त्याच्याकडे मान वळवत नसे. माघातल्या एकादशीला मी तिला धरणाच्या काठी उभे केले, तिच्या उजव्या तळव्यावर पळीभर पाणी घातले आणि संकल्प सांगितला. शर्यत पुरी होईपर्यंत धावताना पाणी घेणार नाही. एवढ्यावर मी थांबलो नाही. प्रत्येक व्रताला एक सवलतीची वाट असावी, ती दयेची बाजू असते, असे मी मानत आलो होतो. म्हणून पुढे जोडले: घेतलेच, तर गुरूच्याच हातचे घेईन.

तिने ते जसेच्या तसे म्हटले आणि तळव्यावरचे पाणी धरणात सोडले.

पंधरा दिवसांनी ती तहान लागत नसल्याचे म्हणाली. त्याच आठवड्यात सखूबाई डोंगर उतरून माझ्याकडे आली. दारातच बसली, आत आली नाही.

"गुर्जी, पोरीचं अंग कोरडं पडतंय. घाम येत नाय. अन् सांगायची लाज वाटती, पन लघवी चहावानी व्हती."

मी संकोचलो. "सखूबाई, शरीर वळण घेत आहे. थोडे दिवस असे होईल."

ती म्हणाली, "बैल पान्यावर नेला अन् त्यानं तोंड लावलं न्हाई, तर आमी त्या दिवशी त्याला जुंपत नाय."

"माणसाला मन असते, सखूबाई."

"बैलाला बी असतंय," ती उठत म्हणाली. "पन तो कुनाचं ऐकत न्हाई. पोरगी तुमचं ऐकती."

रात्री मला ते आठवले आणि सकाळी मी ते बाजूला ठेवले.

१९९९ च्या मार्च महिन्यातली ती शर्यत आळेफाट्याच्या अलीकडून निघून नारायणगाव, कळंब, मंचर करत घोडेगावात संपणार होती. वेळ पहाटे सहाची होती. पण उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी आली नाही. सात वाजले, आठ वाजले. सव्वाशे धावणारे रांगेत उभे होते आणि रस्त्याचे डांबर मऊ पडू लागले होते. मंडपातून कुणी रत्नापुढे पाण्याचा पेला धरला. तिने माझ्याकडे पाहिले.

"अजून पळाया लागले न्हाई मी, गुर्जी. घेऊ का?"

"आता पाच मिनिटांत सुटेल. पोट जड करू नकोस."

हे मी तीनदा म्हणालो. शर्यत पावणेदहाला सुटली.

माझा बेत चोख होता. अमृत नावाच्या एका गृहस्थाची जीप ठरवली होती. त्या जीपने पुढे जाऊन मी मंचरच्या चौकात उभा राहणार होतो आणि रत्ना तिथे पोचली की तांब्यातले पाणी माझ्या हाताने तिला पाजणार होतो. तसे मी तिला सांगितलेही होते. "मंचरला मी उभा असेन." तिने मान हलवली होती.

नारायणगावच्या अलीकडे ट्रकची रांग लागली होती. शर्यतीसाठी वाहने अडवली होती आणि आमची जीप त्यांच्या मागे सापडली. अमृतने खाली उतरून हुज्जत घातली, शर्यतीचा बॅज दाखवला, काही चालले नाही. अडीच तास मी तांब्या मांडीवर धरून बसलो. उन्हाने तांब्याचा काठ तापला होता.

सुटलो तेव्हा सारे धावणारे पुढे गेले होते. नारायणगावात पाण्याचे टेबल लावून बसलेल्या मुलांना मी जीपमधूनच विचारले.

"ती पोरगी व्हय? पयल्या वीसात हाय, राव. हसत गेली. पाणी घे म्हनलं, तर हात जोडले."

मला अभिमान वाटला. तो अखेरचा.

कळंबच्या टेबलापाशी एक बाई होती. "हात जोडून गेली. तोंडानं काय तरी म्हनत व्हती. नदी नदी का काय. आमच्या हितं नदी हायेच की, म्हनलं, वाईच बस काठाला. पन ऐकलंच न्हाई तिनं."

"नदी, नद्यौ, नद्यः?" मी विचारले.

"न्हाई. निस्तं नदी. तेवढंच."

मी अमृतला म्हणालो, "जरा वेगाने घ्या." त्याने हातातली तंबाखू खिडकीतून फेकून दिली आणि दोन्ही हातांनी चाक धरले.

मंचरच्या चौकातून ती पाऊण तासापूर्वी गेली होती. चौकातला स्वयंसेवक म्हणाला, "हितं ती थांबली, गुर्जी. मधोमध उभी राहून सगळ्यांची तोंडं बघत व्हती. आमी पाणी दिलं, डोक्यावर वतायला गेलो, तर मागं सरली. डोळं उघडं व्हतं, पन बघत नव्हती. मंग गेली घोडेगावाकडं. चाल लई वाकडी पडत व्हती."

घोडेगावाच्या रस्त्याने आम्ही निघालो. मध्ये दहा-बारा धावणारे मागे टाकले. त्यांत ती नव्हती. कालव्याच्या पुलावर शेवटच्या आधीचे टेबल होते. तिथली दोन माणसे टेबल सोडून कठड्याला ओणवी होऊन खाली पाहत होती.

"ती सरळ गेलीच न्हाई," त्यांतला एक म्हणाला. "खाली उतरली. कालव्यानं पळतीय. आमी हाका मारल्या लई."

मला सारे कळले. दीड वर्ष ती याच पुलापाशी वळून घरी परतत होती. मन पुसट झाल्यावर पायांनी त्यांची वाट धरली. आणि हाका ऐकायच्या नाहीत, हे मी शिकवले होते.

अमृतने जीप भरावावर घातली. कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटले होते. पाणी काठोकाठ, हिरवे, आवाज न करता चालले होते. अर्ध्या कोसावर ती दिसली. त्याला धावणे म्हणता येणार नाही, तरी ती धावतच होती. गुडघे उचलले जात नव्हते. कपड्यांवर मिठाचे पांढरे पट्टे वाळले होते आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. अमृतने जीप पुढे नेऊन थांबवली. मी उतरलो आणि तांब्या हातात घेऊन वाटेत उभा राहिलो.

"रत्ना, मी आलो आहे. पाणी घे."

ती माझ्यासमोर दोन हातांवर येऊन थांबली. तिने माझा चेहरा पाहिला, मग तांब्या पाहिला. हात जोडले.

"पावणं, वाट सोडा," ती म्हणाली. आवाज वाळल्या पाचोळ्यासारखा होता. "पाणी नको. माझे गुर्जी मंचरला उभे हायेत."

आणि ती मला वळसा घालून पुढे गेली. दहा पावले. मग ती पडली.

आम्ही दोघांनी तिला कालव्याच्या पाण्यात उतरवले, गळ्यापर्यंत भिजवले. पाणी ओठांना लागले तसे तिने ओठ मिटून घेतले. शुद्ध नव्हती, तरी मिटून घेतले.

दवाखान्यात ती अकरा दिवस सलाईनवर होती. मूत्रपिंडे वाचली, पण उन्हाचा परिणाम डोक्यावर राहिला आहे आणि तो किती जाईल ते सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. सलाईन काढल्यावर पाणी पाजायचे होते. नर्सकडून तिने घेतले नाही. सखूबाईने पेला धरला, तर मान फिरवली. बाराव्या दिवशी मी खाटेशी बसून हलक्या आवाजात 'नदी' शब्द चालवू लागलो. तिसऱ्या विभक्तीला तिने डोळे उघडले.

"गुर्जी, आलात?"

मी ओंजळीने पाणी पाजले. ती घटाघटा प्यायली. भिका भिंतीकडे तोंड करून उभा होता. आम्हा सर्वांना वाटले की संकट टळले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा आईचा पेला नाकारला.

मी त्या व्रताचे उद्यापन केले. धरणाच्या काठी तिला बसवून, संकल्प पूर्ण झाला, मी तुला त्यातून मोकळे करतो, असे स्वच्छ मराठीत सांगितले. ती शांतपणे ऐकत होती.

"शर्यत कुठं संपली, गुर्जी? मी पळतीय की अजून."

मग शर्यत संपवावी असे मी ठरवले. पुलापासून घोडेगावातल्या शर्यतीच्या शेवटच्या रेघेपर्यंत मोजके अंतर उरले होते. चार वेळा मी तिला त्या पुलावर नेले आणि हात धरून सरळ रस्त्याने चालवू लागलो. चारही वेळा पूल ओलांडण्याआधी तिने हात सोडवून घेतला आणि ती खाली, कालव्याच्या भरावावर उतरली.

आज २००६ साल आहे. सात वर्षे मी डिंभ्याला भिकाच्या पडवीत राहतो. रत्ना नाचणी निंदते, जाळी विणते, कमी बोलते. तहान तिला लागत नाही. दिवसातून सहा वेळा मी तिच्यापुढे जातो आणि ती माझ्या हातचे पाणी पिते. दोन दिवस मी तापाने पडून होतो, तेव्हा भिकाने माझे धोतर नेसून, चष्मा लावून पाहिले. तिने त्याच्या चेहऱ्याकडे लक्षच दिले नाही. हात पाहिला आणि आपले हात जोडले.

गेल्या दिवाळीपासून माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. मी त्याविषयी घरात काही बोललो नव्हतो. आज सकाळी तांब्या उचलला, तो तिच्या ओठांपर्यंत पोचण्याआधीच अर्धा सांडला. ती तोंड पुढे करून तशीच थांबली. मग विचारले, "मंचर आलं का, गुर्जी?"

"आले," मी म्हणालो.

सखूबाईने तांब्या माझ्याकडून घेतला, माठातून पुन्हा भरला आणि माझ्यापुढे ठेवला. ती रत्नाकडे पाहत नव्हती. माझ्या हाताकडे पाहत होती.